हयातीचा संदर्भ

भुईगावात खोल्या बघायला गेलो, तेव्हा घरमालकांनी आम्हाला पगार विचारला नाही, मासेमटण खाता का विचारलं नाही, किती दिवस राहणार तेही विचारलं नाही. पडवीत संगणकासमोर बसल्या बसल्या मान वळवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "माहेरचं गाव कुठलं?"

मी सांगितलं. राजापूरकडचं, लहानसं. त्यांनी ते टाइप केलं, पडद्यावर एक पान उघडलं, आणि त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं गावात दरडच कोसळली.

"दीड ओळ," ते म्हणाले. "तुमच्या गावावर फक्त दीड ओळ आहे. अमुक तालुक्यातील एक गाव आहे, संपलं. अहो, इतकी वर्षं तुम्ही सगळे करत काय होता?"

माझा नवरा हातात हेल्मेट घेऊन उभाच होता. मला त्यांनी खुर्चीवर बसवलं आणि विचारायला सुरुवात केली. नदी कुठली, जत्रा कधी, भात कुठल्या जातीचं. ओढ्यावर लाकडी साकव आहे असं मी म्हणाले, तर विचारलं, "अजून आहे की पूल झाला?" मला सांगता येईना. मग माझ्या वडिलांना फोन लागला. वडील शेतात होते. भाडेकरू होण्याआधीच आमच्या घरमालकांची आणि माझ्या वडिलांची साकवावरून लांबलचक चर्चा झाली. शेवटी आतून घरमालकीणबाई किल्ली घेऊन आल्या आणि आमच्याकडे बघून म्हणाल्या, "खोली तरी दाखवली का ह्यांना, की नुसतं गावच बघत बसलात?"

फोन ठेवताना ते वडिलांना म्हणाले होते, "हे सगळं ठीक, पण छापील काही आहे का? त्याशिवाय टिकायचं नाही." वडिलांनी देवळाच्या जीर्णोद्धाराची स्मरणिका पोस्टाने पाठवली. ती ज्या दिवशी आली, त्या दिवसापासून आम्ही पक्के भाडेकरू झालो.

गल्लीत सगळे त्यांना अंकल म्हणत, बाईंना आंटी. आम्हीही तेच म्हणू लागलो. अंकल आयुष्यभर मुंबईत टेलिफोन खात्यात चौकशीच्या टेबलावर होते. लोक फोन करून नाव सांगायचे, हे नंबर सांगायचे. मला एकदा म्हणाले, "कुणाला माझं तोंड माहीत नव्हतं, पण आवाज सगळ्यांना माहीत होता. मग मोबाइल आले आणि विचारणारे संपले. माणसाला माहिती आहे आणि त्याला कुणी विचारत नाही, यासारखी वाईट गोष्ट नाही." निवृत्तीनंतर कुणीतरी त्यांना इंटरनेटवरचा तो ज्ञानकोश दाखवला. मराठीतला, फुकट, आणि कुणीही उठावं, लिहावं, दुसऱ्याचं खोडावं असा. अंकलना जणू नव्याने नोकरी लागली. आता विचारणाऱ्याची वाट बघायची गरज नव्हती. प्रश्न यायच्या आधीच उत्तर लिहून ठेवता येत होतं.

सकाळी ते वाडीत केळींना पाणी सोडत, तिथून पडवीत येत, आणि जेवणापर्यंत संपादन. दुपारनंतर गळ्यात कॅमेरा अडकवून स्कूटरवर बाहेर. विहिरी, तलाव, क्रूस, देवळं, जुनी दगडी बाकं, सगळ्यांचे फोटो. सातिवलीत मी ज्या कारखान्यात क्वालिटीचं काम बघायची, तिथेही एकदा गेटवर येऊन उभे राहिले. वॉचमनने मला आत येऊन सांगितलं, "बाहेर एक बुढ्ढा नाल्याचा फोटो काढतोय, तुमचं नाव सांगतोय." नाल्याचं नाव काय हे त्यांना हवं होतं. नाल्याला नाव असतं हे सातिवलीत कुणाला ठाऊक नव्हतं. पण चौकशी करता करता त्यांनी ते एका म्हाताऱ्या गुराख्याकडून काढलंच, आणि मग छापील आधार मिळत नाही म्हणून महिनाभर हळहळत राहिले.

कारण त्यांचा देव म्हणजे संदर्भ. कुठे छापलंय, कुणी छापलंय, त्याशिवाय एक अक्षर ठेवायचं नाही. ही सवय घरातही शिरली होती. आंटी म्हणाल्या, आजचा पापलेट ताजा आहे, की हे विचारत, "संदर्भ?" आंटी म्हणत, "नाक." चिडल्या की आंटी त्यांच्या घरच्या बोलीत शिरायच्या. मला त्यातले शब्द कळत नसत, अर्थ मात्र लख्ख कळायचा.

चिंचोटीच्या धबधब्याचं पान त्यांनीच वाढवलं होतं. पावसाळ्यात तिथे मुंबईहून पोरांच्या झुंडी येतात आणि दर वर्षी कुणीतरी डोहात जातं. अंकलनी पानावर लिहिलं, 'डोहात उतरू नये.' दुसऱ्या कुणी ते खोडलं आणि शेरा मारला, ज्ञानकोश माहिती देतो, सल्ला देत नाही. अंकलनी पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं गेलं. नियम खरा होता, त्यामुळे त्यांना भांडताही येईना. दोन दिवस केळींमध्ये नुसते फिरत राहिले. मग येऊन त्यांनी लिहिलं, 'या डोहाची खोली वरून कळत नाही.' ही माहिती होती. तिला एका जुन्या बातमीचा आधारही सापडला. ते वाक्य मग कुणीच खोडलं नाही. आजही आहे.

त्यांचं लिहिलेलं कुणी उडवलं तर ते रागावत नसत. म्हणायचे, "केळीला एकदाच घड येतो. कापावीच लागते. बुंध्याशी पिलं असली की झालं." आणि दुसऱ्याचा बावळटपणाही सांभाळून घ्यायचे. एकदा भुईगावच्या पानावर कुणीतरी मध्येच लिहून ठेवलं, की या गावचा राजा अमुक अमुक. मला ते दाखवून हसले. मी म्हटलं, "काढा ना मग." म्हणाले, "संध्याकाळी काढू. स्वतःचं नाव छापलेलं बघून आज दिवसभर तो खूश असेल."

आता ताराबाईंचं सांगते.

ताराबाई खाडीकडच्या गावात राहायच्या. घरची मिठागरावरची कामं, थोडी भातशेती, आणि स्वतः धवलारीण. आगरी-कोळ्यांच्या लग्नात हळदीपासून वरात परतेपर्यंत विधी सांगणारी आणि त्याची गाणी, म्हणजे धवळे, म्हणणारी बाई. भटजी नंतर, आधी हिचा मान. ऐंशीच्या घरातलं वय, पण आवाज असा की मांडवाच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून ऐकावा. एकदोनदा रेडिओवर गायल्या होत्या, एका पुस्तकातही त्यांची गाणी आली होती, म्हणून अंकलनी त्यांच्यावर पान लिहिलं होतं. ते कसंबसं चार परिच्छेदांचं पान अंकलना स्वतःच्या वाडीइतकं प्रिय होतं.

एका रविवारी सकाळी आमच्या दारात रिक्षा थांबली आणि ताराबाई उतरल्या. काठी नाही, चष्मा नाही. ओटीवर येऊन त्यांनी अंकलकडे बोट दाखवलं.

"तू मला मारलीस?"

अंकल उठून उभे राहिले. काय झालं ते ताराबाईंनीच सांगितलं. नाशिककडच्या कुठल्याशा मंडळाचा घरी फोन आला. लोककलेसाठी मोठा सत्कार करायचाय म्हणाले. फोन त्यांनीच उचलला होता. पलीकडचा माणूस फार नरम आवाजात म्हणाला, कार्यक्रम मरणोत्तर आहे, बाईंच्या वतीने घरातलं कोण येईल?

"मी म्हटलं, मीच येते की," ताराबाई म्हणाल्या. "तो म्हनतो, तुम्ही त्यांच्या कोन? आता काय सांगू त्याला?"

आंटींना हसू आवरेना. अंकलनी मात्र घाईने संगणक लावला. पान उघडलं. पहिलंच वाक्य कधीतरी त्यांच्या नकळत बदललेलं होतं. 'ताराबाई या धवलारीण होत्या.' पुढे मृत्यूची तारीख, आणि तिला रीतसर संदर्भ, एका दैनिकातली निधनवार्ता. कुणी केला हा बदल ते पानाच्या बदलांच्या इतिहासात दिसत होतं. टोपणनाव 'नदीकाठचा'. अंकलनी बातमी शोधून वाचली. डहाणूकडच्या दुसऱ्याच बाई. नाव तेच, आडनाव तेच, आणि त्याही धवळे गायच्या.

"मेली ती बिचारी, आनि तेरावा माझा," ताराबाई म्हणाल्या. हसत होत्या, पण मग पदर सावरून बसल्या. म्हणाल्या, "मेल्याची खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं म्हनतात. वाढू दे. पन यंदा लांबची दोन लग्नं गेली रे माझी. मला कळंना का बोलवत नाय. त्या पोरी मोबाइलात बघतात ना आधी. मेलेल्या बाईला हळदीला कोन बोलवंल?"

अंकलनी तिथल्या तिथे 'होत्या'चं 'आहेत' केलं. ताराबाईंचा चहा संपायच्या आत ते पुन्हा 'होत्या' झालं. खाली 'नदीकाठचा'चा शेरा होता, 'संदर्भ असलेली माहिती विनासंदर्भ बदलू नये.' अंकलनी त्या पानाला जोडलेल्या चर्चेच्या पानावर लिहिलं, की त्या आत्ता माझ्या घरी बसून चहा पीत आहेत. उत्तर आलं, 'आपल्यावर अविश्वास नाही. परंतु प्रत्यक्ष पाहणे हा संदर्भ होत नाही. आपण हे जाणताच.'

अंकल खुर्चीत मागे टेकले. "बरोबर आहे त्याचं," म्हणाले.

"बरोबर?" आंटी ओरडल्या. "ती समोर बसलीय!"

"मीही त्या दिवशी नाल्याचं नाव याच कारणाने ठेवलं नाही. नुसतं गुराखी म्हणतो एवढ्यावर नाही ठेवलं. मग इथे मी म्हणतो म्हणून कसं ठेवायचं?"

यापुढचं आंटी घरच्या बोलीत बोलल्या. ताराबाईंना ती बोली येत नव्हती, पण त्या मान डोलवत राहिल्या.

अंकल जिद्दीला पेटले ते दुसऱ्या दिवसापासून. ताराबाईंनी पेन्शनसाठी बँकेत दिलेला हयातीचा दाखला होता. तो त्यांनी पुढे केला. 'नदीकाठचा'ने नम्रपणे कळवलं, की हा कागद प्रसिद्ध झालेला नाही. मग अंकल इथल्या एका साप्ताहिकाच्या संपादकांकडे गेले. मलाही बरोबर नेलं होतं, साक्षीदार म्हणून.

"ताराबाई जिवंत आहेत, एवढं छापा," अंकल म्हणाले.

संपादक चांगले होते, पण गोंधळले. "जिवंत असणं ही बातमी कशी होईल हो?"

"वारल्या असत्या तर छापलं असतं?"

"तीन ओळी. फोटोसकट."

"मग आहेत त्याच्या दोन ओळी द्या. फोटोशिवाय."

संपादक हसले. म्हणाले, "त्यांना काहीतरी करू द्या. गाऊ द्या कुठेतरी, मी स्वतः येतो. पण माणूस आहे, एवढ्यावर मी काय मथळा देऊ?"

परतताना अंकल स्कूटर फार हळू चालवत होते. लग्नाचा हंगाम संपत आला होता. गायचं तर लग्न हवं, आणि ताराबाई मांडवाशिवाय धवळा म्हणत नसत. नुसतं स्टेजवर उभं राहून म्हणायचं तर देवाला खोटं आवतण दिल्यासारखं होतं, असं त्यांचं म्हणणं.

घरी आलो तर आंटी केळीची पानं पुसत होत्या. अंकल त्यांच्याजवळ उभे राहिले आणि एकदम म्हणाले, "आपली ज्युबिली करू या."

आंटींच्या हातातलं फडकं थांबलं. त्या वर्षी त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. गेलं वर्षभर आंटी मागे लागल्या होत्या, मुलं परदेशातून येतील, चर्चमध्ये मिस्सा ठेवू, मांडव घालू. आणि अंकल म्हणत होते, म्हातारपणी कसला तमाशा, दोघंच जाऊन मेणबत्ती लावू. आंटींनी विषय सोडून दिला होता. सोडून दिला म्हणजे काय, तर त्या दिवसांत त्या अंकलना जेवायला वाढून समोर बसत नसत, आत निघून जात. आम्हा सगळ्यांना ते दिसत होतं. अंकलना दिसत होतं की नाही, कोण जाणे.

"ताराबाईंसाठी?" आंटींनी विचारलं.

अंकल खोटं बोलू शकत नसत. "सुरुवात तिथून झाली," ते म्हणाले. "पण येताना रस्त्यात आठवलं, तू लग्नात लाल लुगड्यात कशी दिसत होतीस. त्याचा एकही फोटो नाही आपल्याकडे. फोटोवाला आलाच नव्हता."

आंटी पुन्हा पानं पुसू लागल्या. पण त्या रात्री जेवताना त्या समोर बसल्या.

वाडीत मांडव पडला. मुलं आली, नातवंडं आली. अंकलनी चर्चेच्या पानावर 'नदीकाठचा'ला रीतसर आमंत्रण दिलं, की आपण येऊन पाहावे, ही विनंती. आणि तो आला! वर्ध्याकडचा, औषधांचं दुकान असलेला, पन्नाशीचा किडकिडीत माणूस. संत्रा बर्फीचा डबा छातीशी धरून मांडवाच्या दारात उभा. त्याला आधी ताराबाईंपुढेच नेलं.

"हाच का तो?" ताराबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

तो पाया पडला. "चुकलं जी, आजी. पन पेपरात आलं होतं ना. मी तरी का करू?"

"ऊठ," ताराबाई म्हणाल्या. "तुझ्यापायी माझं आयुष्य वाढलं. आता गप बस आनि ऐक."

चर्चमधून मिस्सा आटोपून अंकल-आंटी मांडवात आले. आंटींनी लाल लुगडं नेसलं होतं, केसांत अबोली. ताराबाईंनी दिवा लावला, डोळे मिटले आणि गळा मोकळा सोडला. आधी साऱ्या देवांना आवतण झालं. गावाच्या देवीला, खाडीला, समुद्राला, आणि न अडखळता चर्चमधल्या मरियाबाईलाही. मग त्यांनी आंटींकडे पाहिलं, आणि शब्द तिथल्या तिथे जुळवले.

"पन्नास वर्सांची नवरी गो, लाजते कशी
नातवांच्या मांडवात गो, सजते कशी"

आंटी खरोखरच लाजल्या. भुईगावच्या बायका थोडा वेळ ऐकत राहिल्या आणि मग त्यांच्यातली एक उठून आपल्या बोलीतलं लग्नाचं गाणं म्हणू लागली. ताराबाईंनी ते संपेपर्यंत मान डोलवली आणि आपल्या धवळ्याने उत्तर दिलं. मग तिकडून दुसरं आलं. कुणी ठरवलेलं नव्हतं. जेवणं थंड झाली, वाढपी उभे राहून ऐकू लागले. संपादक पुढच्या खुर्चीत पेन हातात धरून लिहायचं विसरले होते. वर्ध्याचे गृहस्थ रुमालाने चष्मा पुसत होते, पुन्हा लावत होते, पुन्हा पुसत होते.

गाणी थांबल्यावर मी अंकलना म्हटलं, "आता तरी बदला ते. हे स्वतः बघतायत."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "पेपर यायचाय अजून," अंकल म्हणाले.

"गुरुवारी येते म्हनतात," वर्ध्याचे गृहस्थ म्हणाले. "मी थांबतो जी तवरी."

आंटींनी कपाळाला हात लावला. पण गुरुवारपर्यंत तो माणूस आमच्याच ओटीवर राहिला. दोघं सकाळी वाडीत पाणी सोडत, दुपारी स्कूटरवरून हिंडत, आणि अल्पविरामावरून वाद घालत. अंकलना इतकं बोलताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

गुरुवारी साप्ताहिक आलं. आतल्या पानावर बातमी होती, सुवर्णमहोत्सवी विवाहसोहळ्यात ज्येष्ठ धवलारीण ताराबाईंचे धवळे. ताराबाईंना रिक्षाने आणलं होतं. वर्ध्याच्या गृहस्थांनी खुर्चीत बसून संदर्भ भरला, 'होत्या' खोडून 'आहेत' लिहिलं, आणि जतन करायचं बटण तेवढं बाकी ठेवून उठले. ताराबाईंचं बोट अंकलनी माऊसवर ठेवलं. त्यांनी दाबलं. पान एकदा पांढरं झालं आणि परत आलं.

"झाले मी जित्ती?"

"झालात."

"मंग चल, मला सोड घरी. भात ठेवायचाय."

नाशिकच्या मंडळाने सत्कार केला, समक्ष. पुढच्या हंगामात ताराबाईंना इतकी बोलावणी आली की त्यांनी सुनेला हाताखाली घेतलं. ती आता बरं गाते म्हणतात.

आम्ही दोन वर्षांपूर्वी विरारला स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो. तरी महिन्या-दोन महिन्यांनी भुईगावला चक्कर होते. अंकल अजून पडवीत असतात, केळी अजून आहेत. आंटी मात्र बदलल्या आहेत. पूर्वी त्या संगणकाकडे ढुंकूनही बघत नसत. आता कुणीही पाहुणा आला, की त्याला हाताला धरून पडवीत नेतात आणि ताराबाईंचं पान उघडायला लावतात. गाणी वाचायला नव्हे. पानावर मांडवातला फोटो आहे, अंकलनी काढलेला. ताराबाई डोळे मिटून गातायत, आणि त्यांच्या मागे लाल लुगड्यातल्या आंटी तोंडावर हात न ठेवता, मान मागे टाकून हसतायत. फोटो कुणाचा, हे तिथे लिहावंच लागतं. नियम आहे. त्याप्रमाणे अंकलनी लिहिलंय, 'स्वतःचे काम'.

परवा गेले होते तेव्हा आंटींनी मला ते पुन्हा एकदा बोट ठेवून दाखवलं.

"बघ," त्या म्हणाल्या, "गातेय ती, हसतेय मी, आणि काम म्हणे ह्यांचं!"

अंकल पलीकडे केळीची सुकलेली पानं काढत होते. त्यांनी ऐकलं, पण खोडून काही काढलं नाही.